थकबाकीपायी गेलेलं राज्य: पोर्तुगीजांनी जाफना कसं गिळलं

श्रीलंकेचा नकाशा काढा आणि सगळ्यात वरचं टोक बघा, मुख्य बेटाला एका चिंचोळ्या पट्टीने कसाबसा चिकटलेला जो तुकडा दिसतो तो म्हणजे जाफना. तमिळमध्ये याळ्पाणम. आपल्याकडे जाफना म्हटलं की लोकांना डायरेक्ट एलटीटीई आठवते, त्याच्या आधी तिथे काही होतं हेच बऱ्याच जणांच्या गावी नसतं. तर तिथे साडेतीनशेच्या आसपास वर्षं एक स्वतंत्र तमिळ राज्य होतं, स्वतःची राजधानी, स्वतःची नाणी, स्वतःचं आरमार असलेलं. ते पोर्तुगीजांनी १६१९ मध्ये संपवलं आणि मजा म्हणजे (मजा कसली म्हणा) या सगळ्या भानगडीचं हेडऑफिस आपल्या शेजारी होतं, गोव्यात.

ही मोहीम समजायला जरा किचकट आहे कारण ती एक मोहीम नाहीच. १५६० ला एक, १५९१ ला एक, १६१९ ला एक, अशी एकोणसाठ वर्षांत तीन पाळ्यांत झालेली आहे, मधे भांडणं, तह, फितुरी, मिशनरी, मोती, हत्ती आणि एक दात. हो, दात. त्याच्याकडे येतो. पण सगळं वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला आणि तो म्हणजे थकबाकी. तोफा होत्या, तलवारी होत्या, पण राज्य ज्या कारणाने शेवटी बुडवलं ते कारण कागदावर तरी तीन वर्षांची थकलेली खंडणी हे होतं. ते कसं, ते सांगतो.

आधी राज्याची ओळख. राजधानी नल्लूर, आजच्या जाफना शहराला लागूनच आहे. राजघराण्याला आर्यचक्रवर्ती म्हणायचे. राजे गादीवर आले की परराजशेखरन किंवा सेगराजशेखरन असं बिरुद घ्यायचे, एकाचं एक, पुढच्याचं दुसरं, आलटून पालटून, त्यामुळे नुसतं बिरुद वाचून कुठला राजा ते कळत नाही आणि वाचणाऱ्याची पार वाट लागते. त्यांच्या नाण्यांवर नंदी असायचा आणि खाली तमिळमध्ये ‘सेतु’ असा शब्द. सेतु म्हणजे तोच, रामेश्वरचा. हे स्वतःला सेतुकावलन म्हणवून घ्यायचे, म्हणजे सेतूचे राखणदार. आपल्याकडची माणसं काशी-रामेश्वर यात्रा करायची ना, तर त्या रामेश्वरच्या समोरच्या पाण्यापलीकडे हे लोक बसलेले. १३४४ मध्ये इब्न बतूता तिथे गेला होता, राजाने त्याला मोती दाखवले आणि वर विचारलं की असले कुठे बघितलेत का, असं त्याने लिहून ठेवलंय. १४५० मध्ये दक्षिणेच्या कोट्टे राज्याने जाफना जिंकलं होतं, पण सतरा वर्षांत ते परत तमिळ राजाकडे आलं. म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीही हे राज्य एकदा बुडून वर आलेलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण जाफन्याच्या लोकांना शेवटपर्यंत वाटत असणार की हेही जाईल, मागच्यासारखंच.

आता एवढ्याशा राज्यावर पोर्तुगीजांचा डोळा का? तिथे मसाले नव्हते. दालचिनी सगळी खाली, कोट्टेच्या बाजूला. उत्तर थोडं भूगोलात आहे. भारत आणि श्रीलंकेच्या मधला समुद्र उथळ आहे, मन्नार ते रामेश्वर तर वाळूचे पट्टे आणि खडक, मोठं जहाज तिथून जाऊच शकत नाही, मोठ्या जहाजाला अख्ख्या श्रीलंकेला वळसा मारायला लागतो. छोट्या होड्या मात्र आरामात जातात. म्हणजे केरळकडून कोरोमंडल किनाऱ्याकडे, तंजावरच्या बाजूला तांदूळ, कापड, माणसं ने-आण करायची तर ही छोटी गल्ली, आणि या गल्लीच्या तोंडाशी जाफना आणि मन्नार. नाका म्हणा ना. ज्याच्या हातात नाका त्याच्या हातात टोल.

दुसरी गोष्ट मोती. मन्नारच्या आखातात शिंपले निघायचे, समुद्र शांत असतो त्या काळात पाणबुडे पायाशी दगड बांधून बुडी मारायचे, आणि हे काम करणारा मुख्य समाज पलीकडच्या तमिळ किनाऱ्यावरचा परवर समाज. तिसरी गोष्ट हत्ती. जाफन्याच्या दक्षिणेला वन्नीचं जंगल, तिथे धरलेले हत्ती उत्तरेला आणून जहाजांवर चढवून भारतातल्या राजांना विकायचे, त्या वाटेवरच्या उथळ पाण्याच्या जागेला आजही एलिफंट पास म्हणतात, तमिळमध्ये आनैइरवु. नावच सांगतंय कोण जायचं तिथून.

आणि चौथं, जे नंतर सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. डोंगरातलं कँडीचं राज्य पोर्तुगीजांना काही केल्या हाती लागत नव्हतं, आणि कँडीला दक्षिण भारतातून जी माणसं, जो दारूगोळा मिळायचा त्याचा मागचा दरवाजा म्हणजे जाफना. पुढच्या दारावर तुम्ही तोफा लावून बसलात आणि मागच्या दाराने माल आत जातोय, असा प्रकार.

पोर्तुगीज लोक श्रीलंकेत १५०५ मध्ये पहिल्यांदा आले, पण त्यांनी लगेच जाफन्यावर झडप घातली नाही. त्यांची पद्धत वेगळी होती आणि आपल्या कोकण किनाऱ्याने ती चांगली बघितलेली आहे. समुद्रावर फिरायचं तर आमचा परवाना घ्या, त्याला कार्ताझ म्हणायचे, नाही घेतला तर जहाज जप्त. जमीन जिंकायला माणसं लागतात, ती त्यांच्याकडे कधीच पुरेशी नव्हती, त्यामुळे समुद्र कंट्रोल करायचा आणि किनाऱ्यावरच्या लोकांना आपल्या छत्राखाली आणायचं. १५३० च्या दशकात परवर समाजातले हजारो लोक ख्रिस्ती झाले. हे आध्यात्मिक होतं का, तर काही अंशी असेलही, पण त्यांना त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपासून संरक्षण हवं होतं आणि पोर्तुगीजांची जहाजं ते देत होती. बदल्यात मोत्यांचा धंदा पोर्तुगीजांच्या पंखाखाली गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी नाहीतर पुढचं सगळं निव्वळ धर्मवेडेपणा वाटतं, दोन्ही बाजूंचा. त्या काळात किनाऱ्यावरचा माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे त्याने नुसता देव बदलला असं होत नव्हतं, त्याने राजा बदलला. आता तो पोर्तुगालच्या राजाचा माणूस, त्याला हात लावला तर गोव्याहून आरमार येणार, त्याचा टॅक्स कोणाला जाणार हा पण प्रश्न. जाफन्याचा राजा पहिला संकिली (तमिळमध्ये चंकिली असंही लिहितात) हे बरोबर ओळखून होता. म्हणून १५४४ मध्ये मन्नारच्या लोकांनी फ्रान्सिस झेवियरकडे निरोप पाठवून धर्म बदलला तेव्हा संकिलीने सैन्य पाठवलं आणि सहाशे-सातशे माणसं कापली. ही कत्तल होती, त्याला दुसरा शब्द नाही, आणि तिला राजकारणाचं कारण होतं म्हणून ती कमी क्रूर होत नाही.

झेवियर म्हणजे तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ठेवलंय. त्याने जाफन्यावर मोहीम काढा म्हणून गव्हर्नरच्या मागे लकडा लावला. ठरलं पण. नागपट्टणमला जमायचं ठरलं. आणि मग ब्रह्मदेशातल्या पेगूहून येणारं एक मालाने भरलेलं पोर्तुगीज जहाज नेमकं जाफन्याच्या किनाऱ्याला लागलं आणि राजाने माल ताब्यात घेतला. आता माल सोडवायचा तर राजाशी बोलायला हवं, लढाई काढली तर माल गेला. मोहीम रद्द! संतांची तळमळ एका बाजूला आणि व्यापाऱ्यांचा माल दुसऱ्या बाजूला, आणि तराजू कुठे झुकला ते दिसतंच आहे. झेवियर १५५२ मध्ये वारला, त्याच्या हयातीत ही मोहीम काही निघाली नाही.

निघाली ती १५६० मध्ये. व्हाइसरॉय होता दों कॉन्स्टँटिनो द ब्रागांझा, पोर्तुगालच्या बड्या घराण्यातला. याच माणसाने आदल्याच वर्षी, १५५९ मध्ये, दमण घेतलं होतं, म्हणजे आपल्या डोक्यावरचं दमण आणि पार खाली जाफना, एकाच माणसाच्या दोन वर्षांच्या कामगिऱ्या. पावसाळा संपला, गोव्याचं बंदर उघडलं, आणि हा स्वतः आरमार घेऊन निघाला, बाराशेच्या आसपास पोर्तुगीज सैनिक घेऊन. व्हाइसरॉय स्वतः जातोय म्हणजे प्रकरण किती सिरियस होतं बघा.

सुरुवात त्यांच्या मनासारखी झाली. उतरले, रस्त्यारस्त्यावर लढत नल्लूर घेतलं, संकिली आधी कोपायच्या गढीत आणि मग वन्नीच्या जंगलात पळाला. मग तह. राजाने खंडणी द्यायची, मुलगा ओलीस ठेवायचा, ख्रिस्ती झालेल्यांना त्रास द्यायचा नाही. कागद झाला, मुलगा आला, व्हाइसरॉय खूश. आणि मग एके दिवशी अख्खा मुलूख उठला. ठिकठिकाणी पोर्तुगीजांवर हल्ले सुरू झाले, माणसं मारली गेली, व्हाइसरॉयला सैन्य गोळा करून निघायला लागलं. इथे एक साधी गोष्ट आहे जी मला तरी महत्त्वाची वाटते, गोव्याची जहाजं पावसाळ्यानंतर निघणार म्हणजे जाफन्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचणार, आणि तिकडे पाऊसच त्या महिन्यांत पडतो, ईशान्य मोसमी. आपला पाऊस संपवून निघालेली माणसं त्यांच्या पावसात जाऊन उभी राहणार. अनोळखी मुलूख, चिखल, आणि चहूबाजूंनी चिडलेली माणसं.

जाफना सुटलं पण जाता जाता त्यांनी मन्नार बेट घेतलं, तिथे किल्ला बांधला आणि पलीकडच्या पुन्नैकायलच्या परवर लोकांना तिथे आणून वसवलं. मला विचाराल तर १५६० च्या मोहिमेचं खरं फळ हेच. नल्लूर घेणं आणि सोडणं हे झालं बखरीसाठी, मन्नार झालं कामाचं. नाक्यावर आता यांचा माणूस बसला.

आणि दात.

नल्लूरच्या लुटीत पोर्तुगीजांना एका मौल्यवान डबीत ठेवलेला एक दात मिळाला आणि तो बुद्धाचा दात आहे असं त्यांना सांगण्यात आलं. शैव राजाच्या खजिन्यात बुद्धाचा दात कसा? एक गोष्ट सांगतात की कोट्टेचा विदिये बंडार नावाचा बंडखोर सरदार खजिना घेऊन जाफन्याला पळून आला होता आणि तिथेच मारला गेला, त्या खजिन्यात तो होता. असो. दात गोव्याला आला. बातमी पेगूच्या राजाला कळली, तो बौद्ध, आणि त्या काळात आशियातल्या सगळ्यात श्रीमंत राजांपैकी एक. त्याचे वकील गोव्यात आले आणि त्यांनी पोर्तुगीज बखरींप्रमाणे तीन-चार लाख क्रुझादो (पोर्तुगीजांची सोन्याची नाणी) देऊ केले. सरकारी तिजोरीत खडखडाट होता, कॅप्टन लोक म्हणाले घ्या की पैसे. पाद्री म्हणाले मूर्तिपूजेचा धंदा करणार का? मोठी सभा बसली, वाद झाले, आणि १५६१ मध्ये आर्चबिशप गास्पार द लियांव याने सगळ्यांसमोर तो दात खलबत्त्यात घालून स्वतः कुटला, भुकटी निखाऱ्यांवर जाळली आणि राख नदीत टाकली. नदी म्हणजे आपली मांडवी. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारं चर्चचं न्यायालय, त्याच्या आदल्या वर्षी, १५६० ला, सुरू झालं होतं, तो माहोल डोक्यात ठेवा म्हणजे हा निर्णय तेवढा विचित्र वाटत नाही.

गंमत अशी की सिंहली परंपरेप्रमाणे खरा दात त्या वेळी जाफन्यात नव्हताच. तो कोट्टेहून हलवून रत्नपुराजवळच्या देलगमुवाच्या विहारात लपवलेला होता, आणि कशात, तर कुरक्कनच्या जात्यात. कुरक्कन म्हणजे नाचणी. इकडे गोव्यात खलबत्ता, तिकडे नाचणीचं जातं. तोच दात पुढे कँडीला गेला आणि आजही तिथल्या दळदा मालिगाव मंदिरात आहे अशी श्रद्धा आहे.

आता दुसरी पाळी. मधली तीस वर्षं जाफन्यात गादीवरून मारामाऱ्या चालल्या, पोर्तुगीज मन्नारमध्ये बसून हे बघत होते, जमेल तिथे काडी टाकत होते. १५९० मध्ये जाफन्याच्या राजाने, पुविराज पंडारमने, मन्नारवर हल्ला केला तो फसला. पुढच्या वर्षी गोव्याहून आंद्रे फुर्तादो द मेंदोंसा निघाला. हा माणूस वेगळ्या जातकुळीचा, पुढे १६०० मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांशी लढणाऱ्या कुंजाली मरक्काराचा किल्ला पाडून त्याला गोव्यात आणण्यात आणि तिथे मारण्यात याचाच हात होता. वाटेत त्याने कालिकतचा एक ताफा गारद केला आणि १५९१ च्या ऑक्टोबरमध्ये कोळुंबुत्तुरैला उतरला (कोलंबो नव्हे हां, हे जाफन्यातलं गाव आहे, नावावरून माझाही एकदा घोटाळा झालाय). नल्लूर पडलं, राजा मारला गेला.

पण या वेळी पोर्तुगीज शहाणे झाले होते. राज्य खालसा केलं नाही. राजघराण्यातलाच एक माणूस, एदिरिमन्न सिंगम, याला गादीवर बसवलं. नल्लूरला प्रमुख लोकांची सभा घेतली, तुमचे मानपान, जमिनी तशाच राहतील म्हणून सांगितलं, आणि राजाने दरवर्षी खंडणी द्यायची असं ठरलं. खर्च त्याचा, बंदोबस्त त्याचा, उत्पन्नातला वाटा आमचा. हे मॉडेल पुढे इंग्रजांनी तैनाती फौजेच्या नावाने आपल्या पेशव्यांपासून सगळ्यांना विकलं, ते शाळेत आपण पाठ केलंय, पण त्याची चव जाफन्याने दोनशे वर्षं आधी घेतली.

एदिरिमन्न सिंगम मला या अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस वाटतो. बाहुला म्हणून बसवलेला हा राजा पंचवीसेक वर्षं टिकला. खंडणी द्यायचा, तोंडावर गोड बोलायचा, फ्रान्सिस्कन पाद्र्यांना चर्च बांधायला मदत करायचा, आणि मागच्या दाराने कँडीकडे दक्षिण भारतातली माणसं जाऊ द्यायचा. पोर्तुगीज कॅप्टन कोलंबोहून तक्रारी लिहायचे की याला काढा, हा दगाबाज आहे, आणि पाद्री लिहायचे की छे छे, चांगला माणूस आहे, आपला माणूस आहे. पाद्र्यांच्या भरवशावर हा निभावून गेला. दोन बॉसमध्ये पटत नसेल तर खालचा माणूस कसा टिकून राहतो ते ऑफिसात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

तो वारला तेव्हा वारस लहान होता. १६१७ मध्ये घराण्यातल्याच दुसऱ्या संकिलीने राजवाड्यात कापाकापी करून सत्ता घेतली. पोर्तुगीजांना हे आवडलं नव्हतं पण त्यांचे हात कँडीकडे आणि दक्षिणेत गुंतलेले, म्हणून त्यांनी त्याला अटी घालून मान्यता दिली. अटी अशा की खंडणी वेळेवर, आणि तंजावरच्या नायकाची माणसं इकडून जाऊ द्यायची नाहीत.

तंजावर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर व्यंकोजीराजे, सरफोजी, सरस्वती महाल असं सगळं येतं, पण ते १६७५ नंतरचं. या गोष्टीत तंजावरला अजून तेलुगू नायक आहेत, रघुनाथ नायक, आणि जाफना हा त्याला आपल्या अंगणासारखा. १६१८ मध्ये संकिलीविरुद्ध उठाव झाला. त्यात पुढे होते तिथलेच ख्रिस्ती झालेले सरदार, त्यातल्या एकाचं नाव मिगापुळ्ळे आरच्ची, हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. संकिलीची इतकी फे फे उडाली की त्याला पळून कायट्स बेटावर जावं लागलं, आणि मग त्याने जे करायचं नाही असं लिहून दिलं होतं तेच केलं, रघुनाथ नायकाकडे फौज मागितली. ती आली, वरुणकुलत्तान नावाच्या करैयार समाजातल्या सेनापतीच्या हाताखाली, उठाव मोडला, संकिली परत नल्लूरला. पण झालं काय, तर अट मोडली.

त्यात भर म्हणजे वातावरण तापलेलं. डच लोक पलीकडे पुलिकतला वखार घालून बसले होते, आणि संकिली त्यांच्याशी संधान बांधतोय असा पोर्तुगीजांना संशय. मागचा दरवाजा डचांच्या हातात गेला तर संपलंच.

श्रीलंकेतला पोर्तुगीज कॅप्टन-जनरल कॉन्स्टँटिनो द सा द नोरोन्या याने १६१९ मध्ये फिलिप द ओलिव्हेराला पाच हजारांच्या फौजेनिशी उत्तरेला पाठवलं. या पाच हजारांत गोरे किती असतील? थोडे. बहुतेक सगळे लस्करीन, म्हणजे श्रीलंकेतलेच भाडोत्री शिपाई, शब्द आपल्या लष्करचाच भाऊ. ओलिव्हेरा आणि त्याच्या फौजेने खाडीच्या अलीकडे पूनेरिनला तळ टाकला आणि संकिलीला निरोप पाठवला. निरोपात काय होतं? तीन वर्षांची थकलेली खंडणी भरा.

तर इथे ती थकबाकी. माझ्या मते त्यांना पैसे नकोच होते. राज्य घ्यायचं हे आधीच ठरलेलं होतं, फक्त कागदावर दाखवायला कारण हवं होतं, आणि थकबाकीसारखं सोयीचं कारण नाही. संकिलीच्या बाजूने बघा, नुकताच उठाव झालेला, तंजावरच्या फौजेचा पगार डोक्यावर, वसुली बंद पडलेली, तो भरणार कुठून? सावकार गरीब शेतकऱ्याकडे नेमका दुष्काळात येतो तसं हे आहे. पैसे आले नाहीत. ओलिव्हेरा पुढे सरकला. ५ जून १६१९ ला वण्णारपण्णैला लढाई झाली, आज ते जाफना शहराच्या आतच येतं. संकिली हरला, कुटुंब आणि उरलेली माणसं घेऊन होडीने तंजावरकडे निघाला आणि परुत्तित्तुरैजवळ (इंग्रजीत पॉइंट पेद्रो) समुद्रात पकडला गेला. पलीकडचा किनारा फार तर एका रात्रीचा प्रवास.

त्याला आधी कोलंबोला आणि मग गोव्याला नेलं. खटला चालला, देहदंड. मरायच्या आधी तो फ्रान्सिस्कनांच्या हातून ख्रिस्ती झाला, नाव मिळालं दों फिलिप, आणि राणीला दोना मार्गारिदा द ऑस्ट्रिया. ही नावं उगाच दिलेली नाहीत, त्या वेळी पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडेच होती आणि फिलिप, मार्गारिदा ही त्या राजघराण्यातली नावं. राज्य काढून घेतलं आणि नाव राजाचं दिलं. १६२३ मध्ये गोव्यात त्याला मारलं. घराण्यातले बाकीचे लोक पुढे मठांत गेले, कोणी पाद्री झालं, कोणी जोगीण, म्हणजे वंश पुढे चालणार नाही याची सोय आपोआप झाली.

राज्य गेलं पण लोक लगेच गप्प बसले नाहीत. पुढची दोनेक वर्षं तंजावरहून फौजा येत राहिल्या आणि त्यांच्या बाजूने कोण लढतंय बघा, मिगापुळ्ळे आरच्ची! तोच, ज्याने संकिलीविरुद्ध उठाव केला होता. त्याला संकिली नको होता, पण राज्य हवं होतं, असं मी समजतो. ओलिव्हेरा काही काळ चांगलाच अडचणीत होता, पण मदत येत गेली आणि १६२१ पर्यंत उठाव मोडले. तिकडे रघुनाथ नायकाने १६२० मध्ये डॅनिश लोकांना तरंगंबाडीत वखार दिली, पोर्तुगीजांना शह द्यायला आणखी एक गोरा पाहुणा.

ओलिव्हेराने १६२१ मध्ये नल्लूरचं कंदस्वामीचं देऊळ पाडलं, म्हणजे मुरुगनचं, राज्याचं मुख्य देऊळ. ते पाडावं असं फ्रान्सिस्कनांनाही वाटत होतंच, आणि त्यालाही. दगड किल्ल्याच्या कामाला गेले असं सांगतात. राजधानी नल्लूरहून हलवून समुद्रकाठी आणली, जिथे आज जाफना शहर आहे, तिथे चौकोनी किल्ला बांधला, त्याला चमत्कारांच्या मातेचं नाव दिलं. राजधानी समुद्राकाठी आणण्याचं कारण सरळ आहे, नल्लूर आत होतं, तिथे वेढा पडला तर गोव्याची जहाजं बघत बसणार. आजचं नल्लूर कंदस्वामी कोविल हे नंतरचं, १७३४ चं, मूळ जागेपासून जरा बाजूला, पंचवीस दिवसांचा उत्सव असतो त्याचा. मूळ जागेवर आज चर्च आहे. जवळच संकिली तोप्पु नावाची एक कमान आहे, राजवाड्याचा अवशेष म्हणून दाखवतात, आणि घोड्यावर बसलेल्या, तलवार उपसलेल्या संकिलीचा पुतळा पण आहे.

तमिळ लोक पोर्तुगीजांना परंगी म्हणायचे. आपला फिरंगी. आणि किल्लीला तमिळमध्ये सावी म्हणतात, आपण चावी म्हणतो, दोन्ही पोर्तुगीज. तिकडे खिडकीला जन्नल म्हणतात ते पण त्यांचंच.

वर्षाला खंडणी मागण्याची आता गरज उरली नव्हती. राजाच नाही म्हटल्यावर थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं. त्यासाठी जमिनींच्या नोंदवह्या केल्या, त्यांना तोंबो म्हणायचे, कोणाची जमीन, ताड किती, देणं किती. ही वसुली जड होती, माणसं वन्नीच्या जंगलात पळून गेली. एकोणचाळीस वर्षं हे चाललं. मग डच आले. १६५६ ला कोलंबो घेतलं, १६५८ ला मन्नार, आणि मग जाफन्याच्या किल्ल्याला वेढा घातला. ज्या समुद्राच्या भरवशावर किल्ला काठाला बांधला होता त्या समुद्रात आता डचांची जहाजं उभी, गोव्याहून मदत येईना. तीन महिन्यांवर वेढा चालला, आत भूक आणि रोगराई, जूनमध्ये पोर्तुगीजांनी शस्त्रं खाली ठेवली.

डचांनी किल्ला पाडून त्या जागी मोठा पंचकोनी बांधला, चर्चमधले संत बाहेर काढले, पाद्र्यांना बंदी केली. तोंबोच्या वह्या मात्र ठेवल्या, आणि पुढची नोंद त्यांच्यावरूनच सुरू केली.